निवडलेला आणि न निवडलेला : ख्रिस्ती शास्त्रातील कृपाविचार

कृपा पात्रतेनुसार होते, की कृपेनेच पात्रता येते, हा प्रश्न ईश्वराला कृपाळू मानणाऱ्या प्रत्येक शास्त्राला केव्हा ना केव्हा सोडवावा लागतो. पात्रतेनुसार होते असे म्हणावे, तर ती कृपा न राहता मजुरी ठरते. पात्रतेवाचून होते असे म्हणावे, तर ती एकावर झाली आणि दुसऱ्यावर का झाली नाही, याचे उत्तर देता देता शास्त्रकाराची दमछाक होते. ख्रिस्ती शास्त्रात या प्रश्नाला निवडीचा प्रश्न म्हणतात. ईश्वराने काही जीव तारणासाठी निवडले आणि ते त्यांच्या कोणत्याही गुणाकडे पाहून नव्हे, असा तो सिद्धान्त आहे. दीड हजार वर्षांहून अधिक काळ त्या धर्मातील थोर बुद्धीचे पुरुष या एका विषयावर झगडत आले. हा वाद केवळ युरोपातील पंडितांचा आहे, अशी समजूत असल्यास ती दूर करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. मीरा-भाईंदरपर्यंत जाणे पुरे आहे.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावे आहेत. येथील कोळी बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत. आणि याच किनाऱ्यावर थोडे वर-खाली गेले की हिंदू कोळ्यांची गावे लागतात. धंदा एक, समुद्र एक, बोंबील वाळवण्याची रीत एक, बोलीही बहुतांशी एक. एका घरात गळ्यात क्रूस आहे, दुसऱ्या घरात एकवीरेची तसबीर आहे. हा भेद कसा पडला? इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भयाने पोर्तुगीजांकडे वळला आणि तहाने त्याने वसईचा मुलूख त्यांच्या हवाली केला. त्याबरोबर साष्टी बेटही गेले. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मोपदेशक आले. मुलखाच्या सीमेच्या आत ज्याचे पूर्वज होते त्याला स्नानसंस्कार मिळाला. बाहेर होते त्याला मिळाला नाही. पुढे १७३९ च्या मार्चमध्ये चिमाजी आप्पाच्या सैन्याने धारावीचा किल्ला घेतला, मे महिन्यात वसई पडली, पोर्तुगीज गेले. परंतु मागे राहिलेल्या रयतेने आपला धर्म सोडला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राज्याच्या बळाने जे आले ते राज्य गेल्यावरही टिकले, तेव्हा ते केवळ बळाचे उरले नव्हते.

पण येथेच शंका उपस्थित होते. तारण श्रद्धेने आणि स्नानसंस्काराने मिळते, आणि श्रद्धा हे ईश्वराचे दान आहे, असे जर शास्त्र असेल, तर दोन कोळ्यांची अनंतकाळची गती एका भ्यालेल्या सुलतानाच्या तहावर अवलंबून राहिली असे म्हणावे काय? ईश्वराने निवडले ते जीवाला, की मुलखाला?

ख्रिस्ती शास्त्रकारांना ही शंका ठाऊक नव्हती असे नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तिला स्वतःच वाट करून दिली आहे. इसहाकाचे दोन जुळे पुत्र याकोब आणि एसाव. ते जन्मलेही नव्हते, बरे-वाईट काही करण्याचा प्रसंगच आला नव्हता, अशा वेळी ईश्वराने धाकट्याला निवडले. पौल हे ओशाळून सांगत नाही; उलट जन्मापूर्वीची ही निवड तो मुद्दाम पुढे मांडतो, कारण कर्माचा वाटा तेथे शून्य आहे हेच त्याला दाखवायचे आहे. आणि कोणी तक्रार केली, तर कुंभार आणि माती यांचा दृष्टान्त देऊन तो तिचे तोंड बंद करतो. हे उत्तर कठोर खरे. परंतु ते देणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. हा पौल ख्रिस्तानुयायांचा छळ करीत दमास्कस नगराकडे निघाला होता आणि वाटेत त्याला दर्शन झाले. आपण या दर्शनास पात्र नव्हतो, इतकेच नव्हे तर विरुद्ध दिशेने चाललो होतो, हे त्याला आयुष्यभर विसरता आले नाही. त्याच्या सिद्धान्ताच्या मुळाशी तर्क नाही, कृतज्ञता आहे.

तर्क पुढे ऑगस्टीनने आणला. इ. स. ३५४ ते ४३० या काळातला हा उत्तर आफ्रिकेचा धर्माधिकारी स्वतः तारुण्यात विषयासक्त होता आणि त्यातून स्वतःच्या बळावर सुटणे अशक्य आहे हे त्याने अनुभवले होते. त्याच काळी ब्रिटनमधून आलेला पेलेजियस नावाचा तपस्वी सांगू लागला की मनुष्याला आज्ञा दिली आहे याचाच अर्थ ती पाळण्याचे सामर्थ्य दिले आहे. सर्व कृपेवर सोपविले तर लोक आळशी होतील. पेलेजियसचा हेतू वाईट नव्हता. वैराग्याचा उपदेश करणाऱ्या कोणालाही त्याचे म्हणणे जवळचे वाटेल. तथापि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याचे मत त्याज्य ठरविले. ऑगस्टीनचे म्हणणे असे की आदामाच्या पतनाने सर्व मानवजात ऋणको झाली आहे. धनकोने एका ऋणकोचे कर्ज माफ केले आणि दुसऱ्याचे वसूल केले, तर दुसऱ्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. त्याच्याकडून मागितले ते देणेच होते.

या दृष्टान्तात गोम आहे. कर्ज काढले कोणी? आजोबाने अंगठा उठवावा आणि नातवाने जन्मभर सावकाराच्या वाड्यावर राबावे, हा व्यवहार महाराष्ट्रातील खेड्यांनी पाहिलेला आहे आणि त्याला न्याय म्हणणारा कोणी भेटलेला नाही. कायद्याच्या वहीत तो बसत असेल. परंतु ज्याला सर्व शास्त्रे परम दयाळू म्हणतात, त्याची वही सावकाराच्या वहीसारखी असावी हे मनाला पटत नाही. ऑगस्टीनसारख्या सूक्ष्म बुद्धीच्या पुरुषाला ही अडचण दिसली नसेल असे नाही. शेवटी ईश्वराचे निर्णय अगाध आहेत असे म्हणून त्यानेही हात जोडले.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. जॉन काल्विनने ऑगस्टीनचे सूत्र टोकाला नेले : ईश्वराने काहींना तारणासाठी आणि उरलेल्यांना नाशासाठी आधीच नेमून ठेवले आहे. १६१८-१९ मध्ये हॉलंडमधील डॉर्टच्या धर्मसभेने या मताच्या बाजूने निर्णय दिला. याउलट रोमन कॅथलिकांच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ मध्ये ठरविले की पहिले पाऊल कृपेचेच आहे, कृपेवाचून जीव हलूच शकत नाही, तथापि कृपेने हलविलेला जीव तिला होकार देऊ शकतो किंवा नाकारू शकतो; आणि नाशासाठी कोणाची नेमणूक नाही. येथे एक गल्लत नेहमी होते, ती टाळली पाहिजे. उत्तनचे किंवा वसईचे ख्रिस्ती हे ट्रेंटच्या परंपरेतील आहेत. काल्विनचे मत त्यांच्या माथी मारणे म्हणजे एका पंथाचे सूत्र दुसऱ्या पंथाच्या पोथीत वाचण्यासारखे आहे. काल्विनच्या विचारात वाढलेले धर्मोपदेशकही महाराष्ट्रात आले, परंतु ते पुष्कळ नंतर. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईस सुरू झाले, आणि स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले.

भारतीय शास्त्रांत या प्रश्नाची मांडणी वेगळ्या ठिकाणापासून होते. एक राजा, एक रंक. एक डोळस, एक आंधळा. तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय नव्हे काय? वेदान्तात या आक्षेपाला वैषम्य आणि नैर्घृण्य अशी नावे आहेत, आणि समाधान असे की हे भेद ईश्वराने केलेले नसून जीवाच्या पूर्वकर्माने झालेले आहेत. पौलाला हे समाधान उपलब्ध नव्हते. त्याच्या शास्त्रात याकोबाला मागला जन्मच नाही. म्हणून जी शंका येथे अनादी कर्माच्या प्रवाहात वाहून जाते, ती तेथे थेट ईश्वराच्या दारी जाऊन उभी राहते.

एवढ्यावर समाधान मानून पुष्कळ जण थांबतात आणि आपला पक्ष जिंकला असे समजतात. पण शंका खरोखर वाहून गेली काय? कर्माने सुखदुःखाचे वैषम्य सुटते. राजा आणि रंक यांचा उलगडा होतो. कृपेचे वैषम्य मात्र त्याने सुटत नाही. कर्माचे फळ कर्माएवढेच, आणि कर्मफळाने मोक्ष नाही, हे तर सर्वमान्य आहे. मग मोक्षाला नेणारी कृपा कर्माने मिळाली असे म्हणता येत नाही; आणि कर्मावाचून मिळाली असे म्हटले की याकोब आणि एसाव पुन्हा समोर येतात. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत याच मुद्द्यावर दोन शाखा झाल्या. वडकलै म्हणतात, माकडीण उडी मारते तेव्हा पिलाने आईच्या पोटाला घट्ट धरले पाहिजे. तेंकलै म्हणतात, मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काही करावयाचे नाही. मध्वाचार्यांनी तर काही जीव स्वभावतःच मोक्षास अयोग्य आहेत असे सांगितले. तेव्हा काल्विन केवळ जिनिव्हात जन्मतो असे नव्हे.

परमार्गातही हा प्रश्न आहे, आणि तो टाळण्याचे कारण नाही. जीव बद्धमुक्त आहे, अनादी अविद्येने वेढलेला आहे आणि ती अविद्या त्याला स्वतः फेडता येत नाही. देवता नित्यबद्ध असल्याने त्या आपापली फळे देतील, मोक्ष देणार नाहीत. म्हणून नित्यमुक्त परमेश्वर कृपावश अवतार धारण करतो आणि ज्ञान देतो. त्यानंतर जीवाने अनुसरावे, स्मरण-भिक्षा-अटन-विजनाचा आचार पाळावा. येथवर पाहिले तर ट्रेंटच्या सूत्राशी बाह्य साम्य दिसते : पुढाकार कृपेचा, अनुसरण जीवाचे. भेद मोठा आहे, तोही सांगितला पाहिजे. ट्रेंटच्या हिशेबात एकच आयुष्य आहे. या आयुष्यात संनिधान घडले नाही तर पुढे दार नाही. परमार्गात जीवोद्धार हे परमेश्वराचे व्यसनच मानलेले आहे. सृष्टीमागून सृष्टी तो जीवाची वाट पाहतो. ज्याला आज निवडले नाही त्याला टाकले, असे येथे म्हणता येत नाही. तथापि आज आणि याच जीवाला का, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतोच. सराळ्याच्या म्हाइंभटासारखा विद्येचा ताठा बाळगणारा पंडित स्वामींच्या चरणी आला. त्याच्यापेक्षा नम्र अशी कितीतरी माणसे गोदातीरी त्याच वेळी स्वामींच्या जवळून गेली असतील. तो ताठा हीच काय पात्रता होती?

आता शब्दांकडे वळावे, कारण मराठीत या सिद्धान्ताचे पुष्कळसे भवितव्य शब्दांनी ठरविले. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. गोव्यात बसून त्याने ओवीछंद उचलला आणि त्याबरोबर मोक्ष, वैकुंठ ही शब्दसंपत्तीही उचलली. परंतु मोक्ष म्हणजे जन्ममरणापासून सुटका. ज्याला जन्म एकच आहे त्याने सुटायचे कशापासून? पुढे प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी तारण हा शब्द रूढ केला. बुडत्याला काठाला लावणे, हा त्याचा एक अर्थ. समुद्रावरच्या माणसाला तो लगेच कळतो. पण व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. ख्रिस्ताने आपला देह मानवाच्या ऋणापोटी दिला, हा त्या धर्माचा केंद्रीय विचार असल्याने शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे अनायासे एकत्र नांदतात. इतके चपखल भाषांतर ठरवून करता आले नसते.

कृपेचा हा विचार महाराष्ट्रात ज्यांनी जगून पाहिला त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घ्यावे लागते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या तीर्थयात्रा, व्रते आणि पुराणवाचन यांत वाढली. दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेले. इतके पुण्य साठवूनही हात रिकामेच. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला; परंतु त्यांचेच सांगणे असे की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. आपण काही मिळवावयाचे नसून मिळालेले घ्यावयाचे आहे, हे उमगले तेव्हा त्यांचे मन शांत झाले. मात्र शांत झालेले मन स्वस्थ बसले नाही. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातील शेकडो मुली आणि विधवा त्यांनी आणून वाढविल्या. कृपेच्या सिद्धान्ताने माणूस आळशी होतो, या पेलेजियसच्या भीतीला केडगाव हे उत्तर आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण वेगळे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली. निवडलेले आणि न निवडलेले यांच्यामधली भिंत त्यांना सोसवली नाही, असेच म्हणावे लागते.

ही भिंत ख्रिस्ताच्या स्वतःच्या एका दृष्टान्ताशी ताडून पाहण्यासारखी आहे. एका मळ्याच्या मालकाने पहाटे मजूर लावले, पुन्हा दुपारी लावले, दिवस मावळायला घटकाभर असताना आणखी काही लावले, आणि संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी दिली. पहाटेचे मजूर कुरकुरले. मालक म्हणाला, ठरले ते तुम्हाला मिळाले. माझे औदार्य तुम्हाला का सलते? मिठागरांच्या आणि बांधकामांच्या मीरा-भाईंदरला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. सकाळी कामगार नाक्यावर माणसे उभी राहतात, मुकादम येतो, बोटाने चौघांना निवडतो, उरलेले उभेच. उन्हे डोक्यावर आली की उरलेले घरी जातात. दृष्टान्तातल्या मालकाने उशिरा आलेल्यावर अन्याय केला नाही, आधी आलेल्यावरही केला नाही. पण रात्र पडेपर्यंत ज्याला कोणी बोलाविलेच नाही, त्याचे काय? काल्विनच्या मते त्याला बोलावणे येणारच नव्हते. मात्र दृष्टान्त नीट वाचला तर त्यात असा मजूर नाहीच. मालक पुन्हा पुन्हा बाजारात जातो आणि शेवटच्या घटकेला जे उभे दिसतात त्यांनाही विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? कोणी लावले नाही, एवढेच ते उत्तर देतात. आणि तेवढे उत्तर त्याला पुरते. निवडीचा कठोर सिद्धान्त रचणाऱ्यांनी हा मालक फार लवकर घरी पाठविला.

सर्वांत अवघड प्रश्न बालकांचा. ऑगस्टीनने स्नानसंस्काराविना मेलेल्या अर्भकालाही, सौम्यातली सौम्य का होईना, शिक्षाच सांगितली. नंतरच्यांनी त्यात सुधारणा करून अशा बालकांसाठी दुःखही नाही आणि ईश्वरदर्शनही नाही असा एक लोक कल्पिला. या सिद्धान्ताची सावली आपल्या किनाऱ्यावर कशी पडली ते गोव्याच्या इतिहासात दिसते. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने असा कायदा केला की हिंदूंची अनाथ मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करावे. संस्काराविना जीव बुडतो असे एकदा ठाम मानले की मूल नातलगांपासून ओढून नेणारा हात स्वतःला दयाळू समजू लागतो. त्या काळच्या सर्वच अधिकाऱ्यांच्या मनात क्रौर्य होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या मनात सिद्धान्त होता, आणि तो अधिक भयंकर होता.

चर्चलाही ही गोष्ट कालांतराने उमगली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जे मनापासून ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला अनुसरतात, त्यांनाही तारण मिळू शकते. २००७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने संस्काराविना मेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहेत, असे मत दिले. आशा म्हटले, खात्री म्हटले नाही. पण ऑगस्टीनपासून येथवरचे अंतर थोडे नव्हे. काल्विनच्याच परंपरेतील स्विस पंडित कार्ल बार्थ याने १९४२ मध्ये सिद्धान्त मुळातूनच फिरविला : निवडलेला एकच, तो ख्रिस्त, आणि टाकलेलाही एकच, तोही ख्रिस्तच. इतरांनी आपण कोणत्या यादीत आहोत ते शोधत बसण्याची गरज नाही.

बायबलमध्ये निवड म्हणजे बहुधा ओझे, हेही पुष्कळदा नजरेआड होते. निवडलेला संदेष्टा दगड खातो, निवडलेले राष्ट्र बंदिवासात जाते. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया, पोर्तुगीज बाप आणि देशी आई यांचा मुलगा, याला येशूसंघात प्रवेश मिळाला नाही. तो फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद दिले गेले. माणसांच्या निवडीत तो नापास होता.

तेव्हा हा सिद्धान्त खरा की खोटा, असे विचारण्याआधी तो कोणाच्या तोंडी आहे ते विचारले पाहिजे. ‘मी पात्र नव्हतो, तरी मला मिळाले’, असे पौल म्हणतो, रमाबाई म्हणतात, गर्व उतरलेला म्हाइंभटही म्हणू शकेल. आणि तिन्ही ठिकाणी ते सत्य आहे. तेच वाक्य परक्याकडे बोट दाखवून, ‘त्याला मिळाले नाही, कारण तो निवडलेला नव्हता’, असे उच्चारले की त्याचे सत्य निघून जाते. पहिल्या वाक्याला वक्त्याचा अनुभव साक्ष आहे; दुसऱ्याला साक्षी कोणीच नाही. कृपा झाल्याचे ज्याच्यावर झाली त्याला कळते. कृपा न झाल्याचे ज्ञान मात्र कोणत्याही जीवाला होऊ शकत नाही, कारण परमेश्वराने कोणाला केव्हा भेटावे याची वही जीवाच्या हाती दिलेली नाही. वासनिकांनी शेजारच्या ख्रिस्ती घराविषयी बोलताना हे स्मरावे, आणि परमार्गाबाहेरच्या कोणाही जीवाविषयी बोलतानाही.

ट्रेंटनंतर कॅथलिकांतही कृपा आणि जीवाचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा यावर मोठे भांडण झाले. येशूसंघीय लुईस मोलिना याने १५८८ मध्ये ग्रंथ लिहून म्हटले की जीव कोणत्या परिस्थितीत काय करील हे ईश्वर आधीच जाणतो आणि त्याप्रमाणे कृपा करतो. डोमिनिकन म्हणाले, असे मानल्यास ईश्वर जीवाच्या मागून चालू लागतो. १५९८ पासून रोममध्ये पोपसमोर नऊ वर्षे वादविवाद चालला. अखेर १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलने दोन्ही पक्षांना घरी पाठविले, एकमेकांना पाखंडी म्हणण्यास मनाई केली, आणि योग्य वेळी निर्णय कळविला जाईल असे सांगितले. तो निर्णय अद्याप आलेला नाही.